आवाज कुठे वाढवायचा?

पाटणला माझ्या एका मित्राचा साऊंड सर्व्हिसचा धंदा आहे. लग्न, बारसं, सप्ताह, गणपती, प्रचारसभा, दहाव्याचं प्रवचन, ग्रामसभा. एका माणसाचं बोलणं पुष्कळ माणसांना ऐकवायचं असेल तिथे त्याचा टेम्पो जातो. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, पण डिग्री इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनची. त्यामुळे गावी आलो की तो मला टेम्पोत घालून नेतो. "चार वर्षं फी भरलीयस, वायरी तरी गुंडाळ."

त्याला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न एकच. मोबाईलचा आवाज फुल्ल ठेवायचा आणि मशीनचा कमी, की मोबाईलचा कमी आणि मशीनचा फुल्ल? तुम्हीही कधी ब्लूटूथ स्पीकर लावताना या प्रश्नापाशी अडखळला असाल. दोन्हीकडे बटण आहे, दोन्ही फिरवली की आवाज वाढतो, मग कुठलं फिरवलं याने काय फरक पडतो?

पडतो. मोबाईलचा आवाज अगदी बारीक ठेवून मशीनचं बटण शेवटपर्यंत नेलं, तर गाण्याबरोबर एक खरखर ऐकू येते. ती वायरीतली, सर्किटमधली, गरम झालेल्या प्रत्येक तुकड्याची स्वतःची कुजबुज असते. ती कायम असतेच. गाणं दुबळं असलं की मशीन दोघांनाही सारखंच मोठं करतं, कारण गाणं कुठलं आणि कुजबुज कुठली हे त्याला कळत नाही. उलट बाजूने, आधीच्याच पायरीला इतका जोर दिला की ती पायरी पेलू शकत नाही, तर लाटेचे शेंडे कापले जातात. आमच्याकडे याला 'आवाज फाटला' म्हणतात. फाटलेला आवाज पुढे मशीनवर कमी केला तर तो हळू आवाजात फाटलेला राहतो, शिवला जात नाही. म्हणून मित्राचं उत्तर ठरलेलं असतं: मोबाईल जवळजवळ फुल्ल ठेव, मिक्सरवर लाल दिवा लागणार नाही इतका गेन दे, आणि किती लोकांना ऐकवायचंय ते शेवटच्या बटणावर ठरव.

हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. मला मात्र तिसऱ्या वर्षाला दहा मार्कांसाठी शिकवलं होतं. हॅराल्ड फ्रिस नावाच्या बेल लॅब्जमधल्या इंजिनिअरने १९४४ साली एक सूत्र मांडलं. एकापुढे एक जोडलेल्या ॲम्प्लिफायरच्या साखळीत एकूण किती गोंगाट मिसळेल, याचा हिशेब त्यात आहे. पुढच्या प्रत्येक पायरीचा गोंगाट आधीच्या पायऱ्यांच्या गेनने भागला जातो, म्हणजे पुढे पुढे त्याचं वजन घटत जातं. पहिल्या पायरीच्या गोंगाटाला मात्र कुणीच भागत नाही. तो अख्खाच्या अख्खा पुढे जातो. पेपरात मी हे बरोबर सोडवलं होतं. समजलं ते दोन वर्षांपूर्वी, २६ जानेवारीच्या ग्रामसभेत.

गावाचं नाव सांगत नाही. पाटण तालुक्यातल्या बऱ्याच गावांसारखं ते आहे: खाली गावठाण, वर डोंगराच्या अंगाला दोन वाड्या. झेंडावंदन झालं, मुलांना बिस्किटं वाटून झाली आणि शाळेच्या पटांगणात सभा सुरू झाली. टेबलावर एक माईक सरपंचांपुढे, दुसरा स्टँडवर लोकांसाठी. तो स्टँड टेबलाच्या अलीकडे, पुरुष बसले होते त्या बाजूला उभा. बायका मागे, शाळेच्या पायऱ्यांवर. मित्र दुसऱ्या ऑर्डरला गेला होता, म्हणून मिक्सरवर मी.

बराच वेळ पुरुषच बोलले. ते माईकच्या टोकाशी ओठ नेऊन बोलत होते, काही जण तर माईक खातायत असं वाटावं इतके. मग मागून एक बाई उठल्या. पन्नाशीच्या असतील. वरच्या वाडीतल्या. कुणीतरी स्टँड त्यांच्याकडे सरकवायला गेलं, पण वायर पुरेना. त्या दोन पावलं पुढे आल्या आणि माईकपासून चांगल्या हातभर अंतरावर, पदर सावरत, जमिनीकडे बघत बोलायला लागल्या.

काही ऐकू येईना. मी गेन वाढवला.

इथे थोडं गणित सांगतो. माईक ओठांपासून ५ सेंटिमीटरवर असताना जितका आवाज त्यात जातो, त्याच्या एक अष्टमांश ४० सेंटिमीटरवरून जातो. ही तूट १८ डेसिबलची. ती गेनने भरून काढायची तर माईकच्या कानात पडणारं सगळंच आठपट करावं लागतं. त्यात त्या बाईंचा आवाज येतो, मागच्या पोरांची खुसफूस येते, आणि समोरच्या स्पीकरमधून बाहेर पडून पुन्हा माईकमध्ये शिरणारा आवाजही येतो. स्पीकरमधून निघालेला आवाज एक फेरी मारून परत येताना निघाला त्यापेक्षा मोठा झाला, की संपलं. माईक शिट्टी मारतो.

माईकने शिट्टी मारली. कान फाडणारी. पोरांनी कानांवर हात ठेवले, लोक हसले, त्या बाई दचकून मागे सरल्या आणि मी जे कुणीही साऊंडवाला करेल ते केलं. त्यांच्या माईकचा फेडर खाली ओढला.

त्या आणखी दोन वाक्यं बोलल्या असाव्यात. ओठ हललेले मी पाहिले. मग पुढच्या रांगेतल्या एका सदस्याने टेबलावरचा माईक घेतला आणि त्यांच्या वतीने सांगितलं, "वहिनींचं म्हणणं आहे, वरच्या वाडीला पाण्याची जरा अडचण आहे, तेवढं बघावं." बघू, असं उत्तर आलं. पुढचा विषय, घरपट्टी.

सभा संपल्यावर वायरी गुंडाळताना त्या पायऱ्यांवरच बसलेल्या दिसल्या. मी जवळ जाऊन विचारलं, "मावशी, मघाशी काय म्हणत होता?" दोन फुटांवरून, कुठल्याही माईकशिवाय, त्यांनी स्वच्छ सांगितलं. पाण्याची अडचण आहे असं त्या म्हणालेल्याच नव्हत्या. टाकी भरते, पाणी आहे. व्हॉल्व्ह कोण फिरवतो, किती वाजता फिरवतो, आणि ती वेळ कुणाला विचारून ठरवली, हे त्यांनी विचारलं होतं. पाणी भल्या सकाळी सुटलं तर रानात जायच्या आत भरून होतं. मधल्या वेळेला सुटलं तर एका बाईला दिवसाची मजुरी बुडवून घरी थांबावं लागतं. प्रश्न इतका नेमका होता की त्याला 'बघू' हे उत्तर देताच आलं नसतं. कुणाचं तरी नाव सांगावं लागलं असतं.

अडचण आणि प्रश्न यांत हा फरक असतो. मधल्या माणसाने त्यांचं बोलणं मोठं केलं, सगळ्या गावाला ऐकू जाईल इतकं मोठं केलं. पण पहिल्याच पायरीला त्यातला नेमकेपणा गळून पडला होता, आणि पुढच्या कुठल्याही पायरीला तो परत घालता येणार नव्हता. इतिवृत्तात काय लिहिलं गेलं असेल ते तुम्हीच ओळखा. दहा मार्कांचं सूत्र मला तिथे कळलं. त्यातली पहिली पायरी मीच होतो.

रात्री मित्राला हे सांगितलं. मी माझी बाजू मांडत होतो: शिट्टी चालू राहिली असती तर टॉपची कॉईल जळली असती, फेडर खाली घेणं बरोबरच होतं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आरं, मशीनवर खेळत बसलास. उठून माईक त्यांच्या तोंडाजवळ न्यायचा. वायर पुरत नव्हती तर दुसरी जोडायची. टेम्पोत तीस मीटर पडलीया की."

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. ज्याचा आवाज लहान आहे त्याच्या बाबतीत आपलं नेमकं कर्तव्य काय?

एक उत्तर असं की त्यानेच मोठ्याने बोलावं. सोर्सचा व्हॉल्यूम वाढव. हे उत्तर मला पूर्ण चूक वाटत नाही, कारण साखळीचा नियमच तो आहे: सुरुवात दमदार असेल तर पुढे सगळं सोपं जातं. ऑफिसात मलाही हेच सांगितलं जातं, मीटिंगमध्ये बोलत जा म्हणून. पण त्या बाईंनी तीस वर्षं त्याच गावात, सासऱ्यांसमोर आणि दिरांसमोर आवाज खाली ठेवण्याचा सराव केलाय. त्याबद्दल त्यांचं कौतुकच झालं असणार. ज्यांनी ते बटण तीस वर्षं खाली धरून ठेवलं, तेच २६ जानेवारीला सकाळी म्हणतात, बोला की मोठ्यानं, घाबरताय काय!

दुसरं उत्तर समान गेनचं. सगळ्यांना एकच माईक, एकच सेटिंग, बोलायला तीन मिनिटं, कुणावर अन्याय नाही. इंजिनिअरच्या मनाला हे फार पटतं. पण समान गेन म्हणजे समान ऐकू येणं नव्हे. पटांगणावरचा माझा स्टँड पुरुषांच्या उंचीला आणि पुरुषांच्या बाजूला लावलेला होता. तो मी तसा मुद्दाम लावला नव्हता. पण 'कसाही' लावला होता, आणि कसाही लावलेला माईक नेहमी त्याच बाजूला कसा काय उभा राहतो? आपल्याकडे पंचायतीत निम्म्या जागा स्त्रियांना राखीव आहेत. कायद्याने खुर्ची टेबलापर्यंत आणली. वायरीचं काम आमच्यासारख्यांवर सोडलंय.

तिसरं उत्तर, गेन वाढवा. दुबळ्यांचा आवाज बुलंद करा. हे भाषणात छान वाटतं. मीही तेच केलं होतं आणि त्याची शिट्टी झाली. लांब बसून गेन वाढवणाऱ्याला वाटतं आपण मदत करतोय. प्रत्यक्षात तो त्या माणसाभोवतीचा सगळा गोंगाटही वाढवत असतो, स्वतःचा परत फिरून आलेला आवाज धरून. सोशल मीडियावर कुणाच्या तरी बाजूने चाललेली मोहीम आठवून बघा. तिसऱ्या दिवशी त्यात मूळ माणसाचं वाक्य किती उरलेलं असतं, आणि एकमेकांना दिलेल्या उत्तरांची फेरी किती?

आमच्या भागात, कोयनेला, याच अडचणीवर शास्त्रज्ञांनी काढलेला एक मार्ग मला आवडतो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा मोठा भूकंप झाला. दीडशेहून अधिक माणसं गेली. तेव्हापासून आजवर इथे लहान लहान धक्के चालूच आहेत. ते टिपायचे तर जमिनीवर भूकंपमापक ठेवता येतात, आणि ते ठेवलेलेही आहेत. पण जमिनीच्या वर वारा आहे, झाडांची मुळं हलतात, नदी वाहते, एसटी जाते. बारीक धक्क्यासाठी यंत्राचा गेन वाढवावा तर एसटीही भूकंपासारखी दिसायला लागते. म्हणून या परिसरात खोल विवरं खणली गेली. इथे वरचा काळा पाषाणच सुमारे एक किलोमीटर जाडीचा आहे, त्याखाली ग्रॅनाइट. तो थर ओलांडून काही यंत्रं आत सोडली, धक्का जिथे जन्मतो त्याच्या जरा जवळ. गोठणे गावी तर तीन किलोमीटर खोल विवर घेतलं. त्यांनी कान उचलला आणि आवाजाजवळ नेला. किती खर्च, किती वर्षं, काळ्या दगडातून किती छेद! फेडर ढकलायला एक बोट पुरतं.

जवळ जाणं महाग असतं. सगळी मेख इथेच आहे असं मला वाटतं.

जवळ जाता येत नसेल तर गोंगाट तरी कमी करता येतो. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ पासून हे वेगळ्याच कारणासाठी केलं. संध्याकाळी सातला गावात भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरचे टीव्ही-मोबाईल बंद होतात, मुलांनी अभ्यास करावा म्हणून. मला त्यातली गंमत वेगळी वाटते. भोंगा, ज्याचं आयुष्य ओरडण्यात जातं, तो इथे इतरांना गप्प करून स्वतःही गप्प बसतो.

आता ॲम्प्लिफायरच्या बाजूने. त्याचा बचाव नेहमीचा असतो: मी काही बोललो नाही, जे आलं ते फक्त मोठं केलं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेली ती माणसं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशी अफवा त्या दिवसांत मोबाईलवरून पसरली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. म्हणजे तुमच्या-माझ्या गेनवर पाचची टोपी. चांगलं केलं, पण हिशेब करून बघा: प्रत्येकाने फक्त पाच जणांना पाठवलं तरी सातव्या पायरीला ७८,१२५ होतात. यातल्या प्रत्येकाला आपलं बटण कमीच ठेवल्यासारखं वाटणार.

हाच समज साऊंडच्या धंद्यातही आहे. मशीनचं बटण अर्ध्यावर आहे म्हणजे मशीन अर्ध्याच ताकदीने चाललंय, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. ते बटण फक्त येणारा सिग्नल किती आत घ्यायचा ते ठरवतं. मागून पुरेसा जोरात सिग्नल आला तर अर्ध्या बटणावरही मशीन पूर्ण ताकदीने ओरडतं, आणि स्पीकर जळतो. गणपतीत मंडळाचे कार्यकर्ते पोलिसांना बटण दाखवतात, "साहेब, निम्म्यावर पण नाही." कायद्याने वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ठरलेत. पण डेसिबल कानापाशी मोजायचे असतात. बटणावरच्या आकड्याला तिथे काही अर्थ नाही. मी स्वतः त्या मिरवणुकांत नाचलोय, त्यामुळे यावर फार लांब बोलायचा मला अधिकार नाही.

आमच्या आज्जीला अलीकडे कमी ऐकू येतं. ६७ च्या भूकंपाबद्दल ती सांगते की हलण्याआधी आवाज आला, पोटात घुमणारा. तो आवाज तिला अजून ऐकू येतो, शेजारी बसलेल्या नातवाचं बोलणं येत नाही. घरात सगळे तिच्याशी ओरडून बोलतात. मग ती चिडते, "वरडतूस कशाला? भांडाय आलायस?" मला वाटायचं हा हट्ट आहे. नंतर कळलं की वयाने कान असेच जातात. बारीक आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज पूर्वीसारखाच, कधी जास्तच, टोचतो. मधली जागा आक्रसते. त्यात आधी जातात ते स, श, फ, थ असले बारीक वर्ण. ओरडल्याने स्वर मोठे होतात, हे वर्ण हरवलेलेच राहतात. म्हणजे आम्ही ओरडून तिला भांडणाचा सूर तेवढा पोचवत होतो, शब्द नाही. कानाचं चांगलं यंत्र म्हणून सगळं सारखं वाढवत नाही. बारकं जास्त वाढवतं, मोठं कमी. यंत्राला हे जमवायला इंजिनिअरांना बरीच वर्षं लागली. आज्जीची धाकटी जाऊ यातलं काही न शिकता टीव्ही बंद करते, समोर येऊन पाटावर बसते, आणि दोघी तासभर बोलत राहतात.

गेल्या वर्षी १ मेच्या सभेला मी पुन्हा त्या गावात गेलो. मित्राने कॉर्डलेस माईक घेतला होता. काही मी सांगितलं म्हणून नाही, लग्नात नवरदेवाचे मित्र मागतात म्हणून. तो हातोहात मागच्या पायऱ्यांपर्यंत गेला. दोघी बोलल्या, नीट ऐकू आलं, तिसरीच्या हातात सेल संपला. मी धावत जाऊन सेल बदलला. वरच्या वाडीतल्या मावशी कुठे दिसेनात म्हणून शेजारच्या बाईंना विचारलं.

"त्या कशा येतील?" त्या म्हणाल्या. "आता पाणी सुटलंय की वर."